तुळशीची रात्र

झाडासाठी दिवा निवडताना बहुतेक माणसं तो स्वतःच्या डोळ्यांनी निवडतात. मिरजेच्या एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये कुणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, उजेड किती पडतो? मग मी दोन पेट्या शेजारी शेजारी लावून दाखवायचे. एकीत पांढरा लख्ख उजेड, दुसरीत जांभळट आणि मरगळलेला. दोन्हींना वीज सारखीच. सगळे पहिलीकडे बोट दाखवायचे. झाड मात्र दुसरीत जास्त वाढायचं.

आपला डोळा हिरव्या-पिवळ्या उजेडाला भुलतो. उजेड मोजणारा लक्समीटरही माणसाच्या डोळ्याची नक्कल करून बनवलेला असतो, म्हणून तोही तसाच भुलतो. झाडाला साडेचारशे नॅनोमीटरच्या आसपासचा निळा आणि सहाशे साठच्या आसपासचा लाल प्रकाश सर्वांत उपयोगी पडतो. हे दोन्ही आपल्याला मंद दिसतात. त्यामुळे झाडाचा दिवा पारखताना स्वतःच्या डोळ्यावर विश्वास ठेवायचा नसतो, हे मी आमच्या प्रत्येक नव्या माणसाला शिकवायचे.

"म्हणजे तू डोळे मिटून दिवे निवडतेस," अभिराम म्हणायचा, "आणि मी डोळे मिटून सतारी. या घरात बघतं कोण?"

अभिराम माझा नवरा. मिरजेतल्या एका सतारीच्या दुकानात तो जवारी काढायचा. तारा ज्या हाडाच्या पट्टीवर टेकतात ती पट्टी कानसेनं घासून, ऐकून, पुन्हा घासून सतारीचा आवाज उघडायचा. सदतिसाव्या वर्षी त्याच्या बोटांतून कानस निसटू लागली. तपासण्यांत कळलं की नसांवरचं आवरण शाबूत ठेवणारं एक प्रथिन त्याच्या शरीरात तयारच होत नाही. आधी हात जातात, मग पाय, शेवटी श्वास.

दहा वर्षांपूर्वी या आजाराला औषध नव्हतं. आता होतं, पण ते बाटलीत भरता येत नव्हतं. ते प्रथिन झाडाच्या पानात तयार करता येई, मात्र पान तोडल्यावर वीस मिनिटांत ते मोडून पडे. गोळी करता येईना, इंजेक्शन करता येईना. पान तोडायचं आणि लगेच चावून जिभेखाली धरायचं. म्हणून प्रत्येक रोग्याच्या घरी एक झाड ठेवायचं ठरलं, आणि झाडासाठी एक पेटी.

कोणतं झाड, हे ठरवायच्या पुण्यातल्या बैठकीला प्रकाशाची बाजू सांभाळणारी म्हणून मीही होते. तंबाखूच्या पानात प्रथिन भरपूर तयार होत होतं, पण तंबाखूचं कच्चं पान रोज कुणाला द्यायचं? पालक दोन महिन्यांत संपतो. मी तुळस सुचवली. ती कच्ची खातात, ती वर्षभर टिकते. शिवाय मी म्हणाले, "आपल्याकडे तुळशीला कुणी मरू देत नाही. तिची काळजी घ्यायला घरात कुणाला शिकवावं लागणार नाही." सगळ्यांना ते पटलं. बैठकीच्या इतिवृत्तात ते वाक्य माझ्या नावानं आहे.

तुळशीत घातलेलं जनुक सतत चालू ठेवलं असतं तर झाड खंगलं असतं. म्हणून त्याला अंधाराचा चाप बसवला होता. झाडात फायटोक्रोम नावाचं एक रंगद्रव्य असतं. त्यावर लाल उजेड पडला की ते एक रूप घेतं आणि अंधारात हळूहळू दुसऱ्या रूपात परततं. झाडाला दिवसरात्र कळते ती त्यावरून. यातली खुबी अशी की झाड दिवस मोजत नाही, रात्र मोजतं, आणि तीही सलग. शेवंतीचे बागायतदार फुलणं लांबवायचं असलं की रात्री शेतात थोडा वेळ बल्ब लावतात. तेवढ्यानं झाडाची रात्र मोडते. एका लांब रात्रीऐवजी दोन आखूड रात्री झाल्या असं ते धरून चालतं, आणि फुलत नाही.

आमच्या तुळशीतलं जनुक चालू व्हायला पंधरा तासांची सलग रात्र लागे. पहाटे पाच ते दुपारी दोन पेटीतला दिवा चालू. शेवटची दहा मिनिटं फक्त सातशे तीस नॅनोमीटरचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा गडद लाल, म्हणजे झाड लवकर रात्रीत शिरावं. दोन वाजता अंधार. दुसऱ्या दिवशी पाचच्या ठोक्याला, दिवा लागायच्या आधी, सात पानं खुडायची. आणखी एका पानाचा रस कागदी पट्टीवर टेकवायचा. पट्टी गडद जांभळी झाली की औषध पुरेसं आहे.

पश्चिम महाराष्ट्रात अशा एकशे सदतीस घरांत आमच्या पेट्या गेल्या. सोबतचं एक पानाचं पत्रक मी लिहिलं होतं. त्यातलं चौथं कलम असं होतं : अंधाराच्या वेळेत झाडावर विजेचा कोणताही प्रकाश पडू देऊ नये. उदाहरणार्थ ट्यूब, बल्ब, टॉर्च, मोबाईल.

आमच्या घरी हे सगळं आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, हातात घेतलं. त्या कवठेमहांकाळजवळच्या एका गावात तेहतीस वर्षं प्राथमिक शिक्षिका होत्या. पत्रक त्यांनी पेन्सिलीनं खुणा करत दोनदा वाचलं आणि फ्रिजवर चिकटवलं.

"धर जिभेखाली. गाईसारखं गिळू नकोस," पहाटे त्या अभिरामला दटावायच्या.

"गाय गिळत नाही, आई, रवंथ करते. शाळेत असंच शिकवायचीस?"

"शाळेत तुझ्यासारखी पोरं असली की असंच शिकवावं लागतं. तोंड मिट."

पहिलं वर्ष चांगलं गेलं. चौथ्या महिन्यात त्याच्या हातात कानस पुन्हा ठरू लागली. आईंनी पेट्या असलेल्या घरांतल्या बायकांचा फोनवर एक गट केला. माती कधी बदलायची, पट्टी कशी धरायची, सगळं त्या शिकवायच्या. सगळ्या त्यांना मावशी म्हणू लागल्या.

एप्रिलमध्ये अभिरामला साधा फ्लू झाला आणि तो छातीत उतरला. आठ दिवस दवाखान्यात काढून तो घरी आला. अशक्त होता, पण पट्टी अजून जांभळी होती. डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण नाही, तो भरून येईल.

आला नाही. मेच्या अखेरीला पट्टी फिकी पडू लागली.

मी दिवा तपासला. लाल डायोड जुने होत जातात तशी त्यांची तरंगलांबी सरकते. तापमान वाढलं तरी सरकते. मी तरंगलांबी मोजणारा स्पेक्ट्रोमीटर घरी आणला. सहाशे साठला सहाशे साठ, सातशे तीसला सातशे तीस. तरी मी डायोडचा आख्खा पत्रा बदलला. पट्टी फिकीच.

मग मी दिव्यांची अदलाबदल केली. ब्राह्मणपुरीतल्या आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर नदाफांचं घर आहे. त्यांच्या आठ वर्षांच्या आयेशाला हाच आजार. त्यांचा दिवा आमच्या पेटीत लावला आणि आमचा त्यांच्या. दहा दिवसांनी आयेशाची आई, शबाना, वर्कशॉपमध्ये आली.

"भाभी, तुमचा लाईट झकास चाललाय आमच्याकडं. पट्टी कशी, पिकल्या जांभळावानी," ती म्हणाली. माझा चेहरा पाहून तिनं आवाज उतरवला. "आमचा तुमच्याकडं नाही चालला?"

"नाही."

"मग झाडातच काहीतरी असेल. एक करू का? आमची पानं घेऊन पहाटे रिक्षानं येते मी. पंधराच मिनिटं लागतात."

मी घरी सांगितलं तेव्हा अभिराम खुर्चीत टेकून बसला होता. एव्हाना त्याला वाक्य मध्ये तोडून श्वास घ्यावा लागत होता.

"आठ वर्षांच्या मुलीच्या झाडाची पानं," तो थांबला, "मी खाऊ?"

"थोडीच."

"मला थोडी नाही लागत आता. डॉक्टर तीस म्हणतात. झाड बोडकं होईल तिचं." मग हसून म्हणाला, "तू शोध की. दिवेवाली तू."

मी पुण्याहून नवं झाड आणलं. आलं तेव्हा पट्टी गडद होती. दोन आठवड्यांत फिकी झाली. आणखी एक आणलं, त्याचंही तेच. चांगला दिवा आमच्या घरी येऊन वाईट होत होता, चांगलं झाड आमच्या घरी येऊन वाईट होत होतं. एखाद्या विद्यार्थ्यानं अशी निरीक्षणं माझ्यापुढे ठेवली असती तर मी त्याला विचारलं असतं, मग उरलं काय? घर उरलं. मी घराचं पाणी तपासलं, माती तपासली, भिंतींचा रंगही तपासला. रात्रीचा प्रकाश तपासायचं राहिलं, कारण रात्री प्रकाश नसतो हे मीच ठरवलेलं होतं. पेटीतल्या सेन्सरच्या नोंदी अंधाराच्या तासांत बंद ठेवायचा प्रोग्रॅमही माझाच. नोंदवण्यासारखं काही घडत नाही, म्हणून.

ऑगस्टमध्ये त्याला पुण्याच्या रुग्णालयात हलवायचं ठरलं. तिथे स्वतःची झाडं होती. गुरुवारची गाडी ठरवली होती. मंगळवारी दुपारी त्याचा श्वास थांबला. आई शेजारी होत्या. मी वर्कशॉपमध्ये एका नव्या डायोडची तपासणी करत होते.

चौदावा झाल्यावर मी पेटी आणि झाड वर्कशॉपमध्ये नेलं. काय बिघडलं होतं ते मला कळायला हवं होतं. झाड मी एका रिकाम्या पेटीत ठेवलं, तेच तास, तसाच दिवा. चौथ्या सकाळी पट्टी जांभळी झाली, गडद. झाडाला काहीही झालेलं नव्हतं.

मग मी घरची पेटी खोलली. दिवे मी नेहमी वरच्या बाजूनंच बदलले होते. दिव्याखालची काच पुसायला कापड फिरवलं आणि ते काळं झालं. पुढच्या कडेला, दाराच्या बाजूला, वीतभर लांबीचा काजळीचा पट्टा होता. खाली तळाशी, कुंडीच्या पुढे, गोठलेल्या तुपाचं एक वर्तुळ. मी त्याला बोट लावून वास घेतला.

पुढचा अर्धा तास मी हिशेब मांडत बसले. निरांजनाची एक ज्योत, अंदाजे एका कॅन्डेलाची, म्हणजे एका मेणबत्तीएवढी. पानांपासून अंतर एक वीत. ज्योतीच्या उजेडात निळा जवळजवळ नाही, लाल भरपूर. वेळ दिवेलागणीची, सातच्या सुमाराची, म्हणजे झाडाच्या रात्रीचा पाचवा तास संपताना. आकडा आला तो शेवंतीचा रात्रीचा बल्ब जेवढं करतो तेवढं करायला पुरेसा होता. आमच्या डोळ्याला ती ज्योत म्हणजे प्रकाश नव्हता, देवघरातली वस्तू होती. म्हणून ती माझ्या पत्रकात आली नाही.

मी ठरवलं, सांगायचं नाही. डायोडची खेप खराब निघाली असं सांगेन. त्यांचा मुलगा माझ्या दिव्यानं गेला असं त्यांना वाटलं तर त्या मला कधीतरी माफ करतील, किंवा करणार नाहीत. दोन्ही चाललं असतं.

मग मला तो गट आठवला. वर्कशॉपचा फोनही त्या गटात होता, पण तिथले निरोप मी कधी ऐकत नसे; आता मे महिन्यातले शोधले. आईंचा आवाज, वर्गात बोलावं तसा स्वच्छ : "बायांनो, मी आता आमच्या तुळशीपुढे रोज सातला निरांजन लावते. खोलीतली ट्यूब आधी बंद करायची, मोबाईल बाहेर ठेवायचा, पत्रकात आहे तसं. वीस मिनिटं बसते. मनाला बरं वाटतं. तुम्हीही बघा." खाली उत्तरं होती. लावते मावशी. आजपासून लावते. आमच्यात अंगणातल्या तुळशीला लावतोच, आता हिच्यापुढेही. मी मोजली, एकतीस.

पट्टी फिकी पडल्यापासून अभिराम जायला तीन महिने लागले होते. त्यांतल्या काही जणींनी जूनमध्ये सुरुवात केली होती, काहींनी जुलैत. सूचना त्याच दिवशी जायला हवी होती, आणि ती त्याच गटावर, आईंच्या समोरच जाणार होती.

दुपारी साडेतीनला मी घरी पोहोचले. आई जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत होत्या.

"लवकर आलीस? जेवलीस का काही?"

"आई, झाड बरं आहे. चार दिवसांत पट्टी गडद झाली."

त्यांचा हात थांबला नाही. "मग आपल्याकडे का होत नव्हती?"

त्यांच्यासमोर मी खाली बसले. जे सांगायचं ते एका दमात, पण बरोबर क्रमानं सांगितलं : फायटोक्रोम, सलग रात्र, शेवंती, काजळी. त्यांनी पोरगं पाढे म्हणत असताना ऐकावं तसं ऐकलं.

"वीस मिनिटं पुरतात?"

"झाडाच्या रात्रीच्या मध्यावर पुरतात."

"दहा असती तर?"

"माहीत नाही, आई."

"एप्रिलमध्ये तो दवाखान्यातून आला ना, त्या संध्याकाळपासून लावत होते," त्या म्हणाल्या. "आधी पाचच मिनिटं बसायचे. त्याचं जास्त झालं तसं जास्त वेळ बसायला लागले."

मेथीच्या काड्या त्यांनी एका बाजूला सारल्या.

"ट्यूब बंद करायचे मी. फोन स्वयंपाकघरात ठेवायचे."

"हो. मी ऐकलं."

"तू येईपर्यंत आठ वाजायचे. त्याला आवडायचं. म्हणायचा, आई, राहू दे अजून थोडा वेळ, डोळ्यांना बरं वाटतं."

मला हे माहीत नव्हतं. चार महिने रोज संध्याकाळी ती दोघं अंधाऱ्या खोलीत त्या ज्योतीसमोर बसत होती आणि मी दुसरीकडे दिवे तपासत होते.

मग त्या उठल्या, फ्रिजवरचं पत्रक काढलं, चष्मा लावला आणि चौथ्या कलमावर बोट ठेवून वाचलं.

"विजेचा, असं लिहिलंयस."

"हो."

"ज्योत लिहिली नाहीस."

"नाही."

"का?"

"सुचलं नाही."

"तुला सुचलं नाही," त्या हळू म्हणाल्या. "तुळस ठेवा म्हणून तूच सांगितलंस आणि तिच्यापुढे कुणी दिवा लावेल हे तुला सुचलं नाही. आणि मला विचारावंसं वाटलं नाही. तू घरातच होतीस, रोज विचारता आलं असतं. मला वाटलं, यात काय विचारायचं." त्यांनी पत्रकाची घडी घातली, पुन्हा उलगडली. "काय झालं गं हे."

मी त्यांचा हात धरायला पुढे झाले. त्यांनी तो मागे घेतला. रागानं नव्हे, पोळलेला हात घ्यावा तसा. मग पदरानं चेहरा दाबून धरून त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. आवाज आला नाही. पाठ तेवढी हलत होती. मी तिथेच बसून राहिले. निवडलेली आणि न निवडलेली मेथी माझ्या हातानं एकत्र झाली होती.

"एकतीस जणी, आई," शेवटी मी म्हणाले. "आज सातच्या आत सांगायला हवं. मी गटावर लिहून टाकते. तुमचं नाव येणार नाही."

"लिहून कोण वाचतंय? निम्म्या जणींचे फोन पोरांकडे असतात." त्यांनी तोंडावर पाणी मारलं. "आणि तुझ्या सांगण्यानं त्या दिवा बंद करतील होय? तुला म्हणतील, बाईंचं सायन्स आहे, असू दे. माझ्या सांगण्यावरून लावलाय. मीच सांगायला पाहिजे. यादी आण."

मी यादी आणली. त्यांनी वहीचं कोरं पान काढून समास आखला, तेहतीस वर्षांच्या सवयीनं. मी नंबर सांगायचा, त्या लावायच्या, बोलून झालं की समासात खूण करायच्या.

"मी वैजयंतीमावशी बोलतेय. हातातलं काम ठेव आणि नीट ऐक. तुळशीच्या पेटीपुढे दिवा लावायचा नाही. आजपासून. निरांजन नाही, समई नाही, उदबत्तीचा निखारासुद्धा नको. म्हण बघू परत."

पहिल्या सात-आठ जणींनी निमूट ऐकलं. एकीनं विचारलं, देवाला चालेल का? आई म्हणाल्या, देवाला देवघरात लाव, तिथे लाव म्हणतेय ना मी. एकीकडे फोन कुणी उचलला नाही, तिचं नाव त्यांनी गोल करून ठेवलं. साडेपाच वाजून गेले होते. त्यांचा आवाज बसत चालला होता, तरी मी पाण्याचा पेला पुढे केला की त्या बाजूला सारायच्या.

एकोणिसावा नंबर जतजवळच्या एका बाईंचा होता. नाव रखमाबाई. नातवासाठी पेटी घेतली होती. आईंनी फोन स्पीकरवर टाकला होता.

"असं कसं ओ मावशी," रखमाबाई म्हणाल्या. "तुळशीम्होरं दिवा लावू नको, असं कुणी सांगतंय का? तुमीच म्हनला हुता लावा म्हनून."

"मीच म्हणाले होते."

"मग आता काय झालं? एवढ्याशा वातीनं काय हुतंय?"

"माझा अभिराम गेला तो त्यानं गेला."

पलीकडे मागे कुठेतरी लहान मूल खोकत होतं आणि कुणीतरी त्याला गप्प करत होतं.

"पोराची पट्टी फिकी पडाया लागलीय," रखमाबाई म्हणाल्या. आवाज एकदम बदललेला होता. "पंदरा दिस झालं. मला वाटलं, पानीच कमी पडतंय."

"पाणी बरोबर आहे. दिवा बंद कर. चार दिवसांत जांभळी होईल. रोज सकाळी मला कळवायचं. विसरायचं नाही."

"व्हय. व्हय, बंद करते." मग जरा थांबून, "पर मावशी, ही चूक कुनाची म्हनायची? त्या लाईटवाल्या बाईची?"

आईंनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं. तीन तासांत पहिल्यांदाच.

"आमच्या घरातली आहे," त्या म्हणाल्या. "तू पेटीचं दार लावून घे जा आधी."

त्यांनी फोन ठेवला, समासात खूण केली आणि पेन्सिल पुढच्या ओळीवर आणली.

"सांग," त्या म्हणाल्या.

मी विसावा नंबर वाचू लागले.